थोरल्याची चरबी

आप्पासोचा आकडा अठ्ठावन्न आला, याबद्दल नाथाजींची तक्रार नव्हती. तो त्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा, आणि त्याच्याच खाली त्यांचा, थोरल्या भावाचा, एकशे अडुसष्टही टाकावा, ही गोष्ट मात्र काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

गुढीपाडव्याला ते सांगलीला गेले होते. तेव्हा आप्पासोच्या सुनेने, अक्षताने, दोघा भावांना उपाशीपोटी बसवून दोघांचे रक्त एकाच वेळी काढायला लावले होते. अक्षता मिरजेच्या एका दवाखान्यात मधुमेहाची डॉक्टर. दोघेही भाऊ मधुमेही. तेव्हा साखरेबरोबर रक्तातल्या चरबीचीही तपासणी होऊन जावी, एवढाच तिचा हेतू. अहवाल आप्पासोच्या फोनवर आले, आणि आप्पासोने त्यांतले चरबीचे आकडे जत्रेच्या आदल्या दिवशी, ऐन चहाच्या वेळी, साऱ्या कुटुंबापुढे मांडले. वर लिहिले होते, 'दादा, जपून.' पुढे जोडलेले हात आणि एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याकडे नाथाजी साताऱ्याजवळच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून, चष्मा पुसून पुसून पाहत होते. हात जोडले ते ठीक. हसण्यासारखे त्यात काय होते?

समोर अंगणात सासनकाठी आडवी ठेवलेली होती. दोन पुरुष उंचीहून उंच असा तो कळकाचा बांबू. त्याला खालपासून वरपर्यंत रंगीत फेटे गुंडाळण्याचे काम नाथाजींचा मुलगा शिवतेज करीत होता. उद्या चैत्री जत्रेला ही काठी गावच्या टेकडीवरच्या जोतिबाच्या देवळापर्यंत न्यायची. घरातल्या थोरल्याने ती कमरेच्या पट्ट्यात पेलायची आणि बाकीच्यांनी चहूबाजूंनी दोर ताणून तिचा तोल राखायचा. पायथ्यापासून पहिल्या वळणापर्यंत मान थोरल्याचा. वडील गेल्यापासून तो नाथाजींचा होता. डाव्या दोरावर आप्पासो असे.

"आबा, ठेवा आता त्यो फोन," शिवतेज म्हणाला. "किती येळा बघाल? आकडा काय बदलायचा न्हाई."

"आकडा बघत न्हाई मी. नाव बघतोय. नळीवरच्या चिठ्ठ्या बदलल्यात."

"चिठ्ठ्या?"

"आप्पाची नळी माझ्या नावावर आन माझी आप्पाच्या. तूच सांग, आम्हा दोघांना शेजारी उभं केलं तर चरबी कुणाच्यात निघंल?"

शिवतेजने फेट्याची गाठ आवळली. नाथाजी साताऱ्याला आयटीआय झालेले, शिरवळच्या कारखान्यात हत्यारखात्याचे, म्हणजे टूलरूमचे, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. एखादा सुटा भाग मापात बसला नाही, तर ते आधी मापकावर संशय घेत आणि मग माणसावर. मापक बरोबर निघाले, तर त्यांचा चेहरा उतरत असे. आज तर प्रश्न साऱ्या जन्माच्या मोजमापाचा होता. नाथाजी काटक, चालताना पाठीचा कणा सदऱ्यातून दिसावा असे. आप्पासो लहानपणापासून गुबगुबीत. नाथाजींनी मधुमेह लागल्या दिवसापासून चहातली साखर सोडली, भात वाटीने मोजला, पहाटेचे चालणे चुकवले नाही. आप्पासोने कुपवाडला वर्कशॉप काढले, पैपाहुण्यांत तो मनसोक्त जेवला, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवावी लागली, तेव्हा आपण मिरजेला उशाशी बसून त्याला काय समजावले होते, ते नाथाजींना शब्दनशब्द आठवत होते. "शरीर हे यंत्र हाय, आप्पा. यंत्राची हयगय केली की ते सूड घेतं."

आणि आता यंत्र कोणाचे बिघडलेले? तर त्यांचे.

दुपारचे ऊन अंगणात उतरायच्या आत सांगलीची गाडी आली. आप्पासोचा मुलगा कपिल ती चालवीत होता. आधी आप्पासोचे पोट उतरले, मागून आप्पासो. त्याच्या हातात कोऱ्या चामड्याचा रुंद पट्टा होता.

"दादा, हे बघ. काठीचा पट्टा. जुना पार फाटलाय, म्हणून कपिलनं आपल्या वर्कशॉपातच रिबिटं ठोकून केलाय. हातात तर घिऊन बघ."

नाथाजींनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, शिवण तपासली. शिवण निर्दोष होती. मग त्यांची नजर भोकांवर गेली.

"इतकी भोकं कशाला? मला तिसऱ्या भोकात बसतोय ह्यो. पुढची सगळी भोकं कुणासाठी?"

"आरं, आसूदेत की. पुढं-मागं लागतील."

"कुणाला लागतील?"

आप्पासो हसला. फोनवर हसला होता, तसाच. "मेसेज बघितलास न्हवं?"

"बघितला. गावानंबी बघितला."

"गाव कुठलं? घरचाच गट हाय."

"त्यात तुझी निम्मी सासुरवाडी हाय."

गाडीतून शेवटी अक्षता उतरली. तिने नाथाजींच्या बायकोला, मनुबाईंना, वाकून नमस्कार केला, मग नाथाजींना, आणि उभी राहता राहताच म्हणाली, "आबा, गटावर टाकलं ते चुकलंच. तुम्हाला एकट्याला पाठवा, असं मी आप्पांना सांगितलं होतं. पण तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या रक्तातली चरबी बरीच वाढलीय."

शिवतेजच्या हातातला फेटा तसाच राहिला. मनुबाईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढला.

या घरात चरबी हा शब्द नवा नव्हता, पण त्याचा अर्थ एकच होता. नाथाजींचे वडील तो वापरीत, आणि फक्त आप्पासोसाठी वापरीत. आप्पासोने भाकरी जादा मागितली, उलट उत्तर दिले, शाळा बुडवली, की वडील चाबकासारखा आवाज काढून म्हणत, "चरबी चढलीया त्याला." थोरल्याला हा शब्द कोणी लावला नव्हता. आज तो आप्पासोच्या सुनेच्या तोंडून, स्वच्छ शहरी उच्चारात, नाथाजींच्याच अंगणात त्यांना लागला होता.

आतून चहाचे ताट घेऊन येणारी राजेश्वरी उंबऱ्यावरच थांबली. शिवतेजची ही बायको एरवी सासऱ्याशी चार शब्द मोजून बोले. पण या घरातल्या माणसाच्या पथ्यपाण्याबद्दल सांगलीहून कोणी यावे आणि बोलावे, हे तिला खपणारे नव्हते.

"चरबी कुणाला म्हणतीस, अक्षता? आबांना? रोज सकाळी अनशापोटी लसणाची पाकळी देते मी. तेल तर महिन्याला किती लागतं, ते आईंना विचार. साखर बघ त्यांची, काय सुंदर हाय! साऱ्या सांगलीत कुणाची आसंल का?"

"साखर छानच आहे, वहिनी. ते तुमचंच श्रेय," अक्षता म्हणाली. तिने खुर्ची ओढली नाही. ती ओट्याच्या पायरीवर बसली. "पण साखरेचा आकडा वेगळा, चरबीचा वेगळा. मधुमेहात साखर ताब्यात असली तरी चरबीकडं स्वतंत्रपणे बघावं लागतं. आणि ही चरबी अंगावर दिसत नाही. ती रक्तातून फिरते, नळ्यांच्या आतल्या बाजूला थर धरते. काटक माणसाच्याही."

"चिठ्ठ्या बदलल्यात," नाथाजी म्हणाले.

"काय, आबा?"

"नळ्यांवरच्या चिठ्ठ्या. आप्पाची नळी ती माझी समजून मोजलीया. तुमच्या लॅबवाल्याला सांग, परत तपास म्हणावं."

अक्षताने फोन काढला, दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले आणि त्यांच्यापुढे धरले. "बरं, बदलल्या असं धरू. मग साखरही बदलली असणार. त्याच नळ्यांतून मोजलीय. ही तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक सात, ती मग आप्पांची. आणि ही आठ पूर्णांक एक, ती तुमची. चालेल?"

आप्पासोने चहाचा घोट मध्येच थांबवला. "आयला! मला चालतंय."

नाथाजींनी दोन्ही आकड्यांकडे पाहिले. एवढ्या वर्षांची भूक, वाटीने मोजलेला भात, लग्नाच्या पंगतीतून परत पाठवलेली जिलेबी, हे सगळे त्या सहा पूर्णांक सातमध्ये होते. ते एका सहीने आप्पासोला देऊन टाकायचे?

"चिठ्ठ्या बरोबर असतील," ते म्हणाले.

शिवतेज फेट्याआड तोंड लपवून हसला. नाथाजींना ते दिसले, आणि आपला मुलगा कोणत्या बाजूला सरकला, तेही कळले.

"गोळी घेताय ना, आबा? गेल्या वर्षी दिली होती ती? चरबीची, दहा मिलिग्रॅमची?"

"बंद केली."

"केव्हा?"

"गणपतीत. साताऱ्याला तपासलं तवा आकडा चौऱ्याण्णव आला. कागदावर छापलंय, शंभरच्या आत उत्तम. उत्तम आल्यावर गोळी कशाला? विनाकारण औषध खायचं?"

"आणि कोणाला विचारलं नाही."

"त्यात विचारायचं काय? माप मर्यादेत आलं."

अक्षताने फोन पायरीवर उपडा ठेवला. ती शब्द जुळवीत होती, की राग गिळीत होती, हे नाथाजींना ठरवता येईना. मग ती म्हणाली, "आबा, तुम्ही कारखान्यात होता ते मला नीट कळत नाही, म्हणून विचारते. लोखंड कापताना तुम्ही वरून ते पांढरं पाणी सोडायचा ना? कपिलच्या वर्कशॉपातही सोडतात."

"कूलंट."

"कशासाठी?"

"हत्यार तापू नये म्हणून. तापलं की धार जाती, माप बिघडतं."

"मग एखादा मशीनवाला म्हणाला, साहेब, हत्याराला हात लावून बघितला, एकदम गार आहे, म्हणून मी पाणी बंद केलं. तर?"

"कानाखाली दिली असती," नाथाजी तात्काळ म्हणाले. "गार हाय ते पाण्यामुळंच—"

वाक्य तिथेच तुटले. आप्पासो मांडीवर थाप मारून हसायला लागला, आणि मनुबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याचे हसू अर्ध्यावर विरले.

"चौऱ्याण्णव गोळीमुळं होता," अक्षता हळू म्हणाली. "गोळी गेली, आकडा वर गेला. आणि कागदावरचं शंभर सगळ्यांसाठी छापतात. तुमच्यासाठी तेवढं पुरत नाही. मधुमेह, वय, घरात आधीच हृदयाचा त्रास. तुमचा सत्तरच्या आत हवा होता. फाटकाच्या बिजागरीला जेवढी ढील चालते—"

"ती बेअरिंगच्या शाफ्टला चालत न्हाई. कळलं. पुढं."

"पुढं एकच विचारते. चालताना, चढताना काही होतं? छातीत भरल्यासारखं, दम, कुठं ओढ?"

"काही न्हाई."

"आवं," मनुबाई म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षे झाली होती, की त्या एका 'आवं'मध्ये काय काय आहे, हे नाथाजींना ओळखू येत असे. या वेळी त्यात धमकी होती.

"चपलंचं सांगा की तिला."

"चपलंचं काय?"

"पोरी, मी सांगती. दिवाळीपासनं देवळाच्या पायऱ्या चढताना ह्यांच्या चपलंचा अंगठा निघतोय. मधल्या पारापाशी वाकत्यात, अंगठा बसवत्यात, मग पुढं. म्हटलं, जुनी झाली आसंल. शिवतेजनं नवी आणली. नव्या चपलंचाबी अंगठा रोज तितंच निघतोय, व्हय?"

अक्षताचा चेहरा बदलला. आतापर्यंत समजावणारी सून होती, ती आता डॉक्टर झाली.

"आबा, उद्या काठी उचलायची नाही. आज आत्ता साताऱ्याला जायचं. ईसीजी आणि रक्ताची एक तपासणी. हे थांबण्यासारखं नाही."

"काठी कोण उचलणार?"

"कोणीही. तुम्ही सोडून."

"कोणीही म्हंजे?" नाथाजी उठून उभे राहिले. एवढे झरकन उठणे त्यांना मानवले नाही, पण ते त्यांनी दिसू दिले नाही. "थोरल्यामागं धाकटा. दुसरं कोण? म्हणून पट्ट्याला एवढी भोकं! आधी गटावर आकडे, मग चरबी, मग काठी. सगळं जुळवून आणलंय. छातीत स्प्रिंग घातलेला माणूस काठी उचलंल आन मी, ज्यानं आयुष्यात एक दिवस रजा काढली न्हाई, त्यो खुर्चीत बसून बघंल!"

"आप्पांना मागच्या महिन्यात ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवून तपासलंय," अक्षता म्हणाली. "त्यांचं हृदय आज तुमच्यापेक्षा सुरक्षित आहे."

हे वाक्य खरे होते. पण खरे वाक्य कोणत्या क्षणी बोलावे, हे मिरजेच्या कॉलेजात शिकवीत नसावेत. नाथाजी पायात चपला न सरकवताच घराला वळसा घालून परड्यात निघून गेले.

परड्यात शेवग्याखाली जुना लोखंडी ड्रम पालथा घातलेला होता. नाथाजी त्यावर बसले. अंगणातून बायकांचे बोलणे येत होते. राजेश्वरी चिडून काही म्हणत होती आणि मनुबाई तिला गप्प करीत होत्या. म्हणजे मनुबाईही फिरल्या. थोड्या वेळाने पाचोळा करकरला. आप्पासोचे पाऊल जड होते, ते न बघताही ओळखू येई.

"सरक," आप्पासो म्हणाला.

"ड्रम मोडंल."

"मोडू दे." तो बसला. ड्रम कुरकुरला, पण मोडला नाही. "दादा, खरं सांगू? मला काठी पायजे हाय."

नाथाजींनी मान वळवली नाही.

"लय वर्सं झाली. डाव्या दोरावर हुबा ऱ्हाऊन तुज्या पाठीकडं बघत आलोय. भोकं मीच पाडाया लावली. कपिल म्हनला, एवढी कशाला? म्हटलं, आसू दे गड्या. कवातरी."

"मग घे की. सुनेनं वाट करून दिलीया."

"आशी नगं." आप्पासोने वाळकी शेंग उचलली आणि मोडू लागला. "तुला वाटतं, मला समदं आयतं घावलं. लहानपणीबी तुला तसंच वाटायचं. दिवाळीला मला नवी इजार, तुला न्हाई. आठवतं?"

आठवत होते. थोरल्याचे कपडे धाकट्याला जायचे, ही घराघरांतली रीत. या घरात ती चालली नाही. नाथाजींची विजार आप्पाच्या मांड्यांच्या वर जात नसे, म्हणून शिंपी आप्पासाठीच यायचा. त्या कोऱ्या कापडाचा वास नाथाजींच्या नाकात अजून होता.

"तुला वाटायचं, मला नवी इजार. म्या शिंप्यापुढं हुबा ऱ्हायचो तवा त्यो टेप लावताना हसायचा. बा म्हनायचा, ह्येला ताग्यातनं माप काढ, चरबी चढलीया. मला तुजी जुनी पायजे हुती, दादा. ती मला बसली असती तर बा तसं बोलला नसता."

आपला ज्याने हेवा करावा, त्याचाच हेवा करीत आपण म्हातारे झालो, हे एवढ्या उशिरा कळून त्याचे करायचे काय?

"आन आकड्याचं म्हनशील," आप्पासो पुढे म्हणाला, "तर माजा पयला आकडा दोनशे अकरा हुता. अठ्ठावन्न काय देवानं दिलाय? रोज जेवल्यावर गोळी. पयल्या गोळीनं मांड्या दुखाया लागल्या, तर मी बंद कराया निघालो हुतो. अक्षतानं बंद करू दिली न्हाई, बदलून दिली. सुपारी गेली, रस्सा गेला. तवा कुटं."

"स्प्रिंग बसायच्या आधी तुला काय हुत हुतं?" नाथाजींनी विचारले. विचारताना ते शेवग्याकडे पाहत होते.

"तीच तर गंमत. छातीत कायसुदिक न्हाई. वर्कशॉपचा जिना चढलो की दातात कळ. हितं, जबड्यात, डावीकडं. खाली बसलो की जायाची. मला वाटलं, दाढ किडली. महिनाभर दातवाल्याकडं हेलपाटं घातलं. त्यानं एक चांगली दाढ उपटलीबी! मग एक दिवस त्याच जिन्यावर पडलो."

नाथाजींचा हात त्यांच्या नकळत डाव्या जबड्याकडे गेला होता. तो त्यांनी तिथून काढून घेतला, पण तोवर आप्पासोने पाहिले होते.

चपलेचा अंगठा मनुबाईंना माहीत होता. वाकल्यावर पारापाशी आपण काय दाबून धरतो, हे मात्र मनुबाईंनाही माहीत नव्हते.

"दादा?"

"काय?"

"तुलाबी हितंच?"

नाथाजींनी पायाच्या अंगठ्याने पाचोळा बाजूला सारला. मग म्हणाले, "येतो साताऱ्याला. पण एक अट."

"बोल."

"काठी मी न्हाई, तर तूबी न्हाई."

आपण हे बोललो, याची त्यांना पुढच्याच क्षणी लाज वाटली. पण शब्द मागे घ्यावा, इतकी वाटली नाही. आप्पासोने हातातली शेंग टाकून दिली. त्याच्या तोंडावर आधी काहीच दिसले नाही, मग खालचा ओठ लहानपणी हलायचा तसा एकदा हलला.

"बरं," तो म्हणाला. "शिवतेज घील. पयल्या वळणापासनं कपिल."

"दुसऱ्या."

"बरं बाबा, दुसऱ्या. ऊठ आता. गाडी चालू ठिवलीया."

साताऱ्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त घेतले, काही तास थांबवून पुन्हा घेतले. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी आलेख दोनदा न्याहाळून सांगितले, की झटका आलेला नाही; पण हृदयाची एखादी नळी अरुंद झाल्याची शंका आहे. या आठवड्यातच पुढची तपासणी व्हायला हवी. तोवर चढ नाही, ओझे नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि चरबीची गोळी आजपासून. जबड्यात ओढ लागून ती थांबली नाही, तर क्षणाचाही विलंब न करता यायचे. मिरजेची तारीख अक्षताने तिथूनच फोनवर ठरवली.

घरी आल्यावर राजेश्वरीने ताट वाढले. ताटाशेजारी तिने लसणाची पाकळी ठेवली होती, रात्रीच्या जेवणाला, इरेस पडून. अक्षताने ती बघितली आणि म्हणाली, "राहू दे, वहिनी, चांगलीच आहे. गोळीच्या जागी नको, गोळीच्या सोबत. आणि गोळी रोज तुम्हीच हातावर ठेवायची. तुमचं ऐकतात ते."

राजेश्वरीने गोळ्यांचे पाकीट तिच्या हातातून घेतले. ते घेण्यात थोडा विजय होता. तिने एक गोळी काढून सासऱ्याच्या तळहातावर ठेवली.

नाथाजींनी पाकिटावरचे बारीक अक्षर वाचले. "ही कितीची?"

"चाळीसची," अक्षता म्हणाली.

"आप्पाची?"

"चाळीसचीच."

"गेल्या साली मला दहाची दिली हुतीस आन त्याला चाळीस. थोरल्याला दहा, धाकट्याला चाळीस."

अक्षता त्यांच्याकडे बघतच राहिली. "आबा, म्हणून बंद केली होती गोळी?"

"मापात आली म्हणून केली," नाथाजी म्हणाले, मग भाताचा घास कालवता कालवता, ताटाकडे बघून, "तेबी मनात हुतं थोडं."

मनुबाईंनी कपाळाला हात लावला. आप्पासो जेवता जेवता इतका हसला, की त्याला ठसका लागला. आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला तो नाथाजींनी.

सकाळी गुलाल उधळला. हलगी वाजू लागली. टेकडीच्या पायथ्याशी नाथाजींची खुर्ची मांडली होती, मागे मनुबाई उभ्या होत्या. काठीला पहिला हात लावून, नारळ ओवाळून ते खुर्चीवर बसले. शिवतेजने नवा पट्टा बांधला. तो त्याला पाचव्या भोकात बसला. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला आणि काठी उठली. तिच्या शेंड्यावरचे रंगीत फेटे उन्हात डोलले. डावा दोर धरून आप्पासो पायऱ्या चढू लागला.

नाथाजी बघत होते. त्यांना वाटले होते, की मुलाच्या कमरेला काठी बघून मन भरून येईल. आले, पण नजर पुन्हा पुन्हा डाव्या दोराकडेच जात होती. तो जाडा माणूस एकेक पायरी चढत होता, थांबत नव्हता, त्याच्या चपलेचा अंगठा निघत नव्हता.

पाराच्या अलीकडेच आप्पासोने दोर दुसऱ्या कोणाच्या हातात दिला आणि तो खाली परतला. घाम पुशीत खुर्चीशेजारच्या दगडावर बसला.

"का आलास?"

"वर लय ऊन हाय."

दोघांनी माना वर करून काठीकडे बघितले. ती वळणाशी जरा कलली. उजवीकडच्यांनी ताणले, डावीकडच्यांनी ताणले, आणि ती सरळ झाली.

"तुझा अठ्ठावन्न किती दिवसांत आला?" नाथाजींनी विचारले.

"सा म्हयनं गेलं आसतील."

"मी तीन महिन्यांत आणतो. पंचावन्न."

"आन बघू."

नाथाजींनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि घरचा गट उघडला. तो हसरा चेहरा अजून तिथेच होता. त्याच्याखाली एका बोटाने, एकेक अक्षर तपासून, त्यांनी लिहिले : 'गोळी सुरू केली आहे. पुढचा अहवाल आप्पाने टाकू नये. मी टाकीन.'

शेजारी आप्पासोचा फोन वाजला. त्याने वाचले, बराच वेळ वाचले, आणि मनुबाईंकडे वळून म्हणाला, "वैनी, ह्येला चरबी चढलीया."